माती, पाणी आणि वजन : गोदामाच्या भरावाची प्रयोगशाळेतील परीक्षा

ओलाव्याचे महत्त्व व्यापारी माणसास निराळे सांगावयास नको. निपाणीच्या वखारीत तंबाखू हाताळणारा जाणता माणूस कोरड्या, कडक पानास हात लावीत नाही; कारण ते हातातच चुरते. दवाने पान नरम झाले म्हणजे तो ते उचलतो. उलटपक्षी फार ओल्या पानांचा बोद बांधला तर तो आतून तापतो व माल कुजतो. गूळ, मिरची, भात, हळद, प्रत्येक मालास त्याचा असा एक योग्य ओलावा असतो आणि तो ओळखण्यावर व्यापाऱ्याचा नफा-तोटा अवलंबून असतो. हा माल ज्या जमिनीवर रचावयाचा त्या जमिनीच्या मातीसही असाच एक योग्य ओलावा असतो, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात आलेली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तिचाच विचार करणार आहोत.

हा विषय या अंकासाठी निवडण्यास एक कारण घडले. पेठेतील जुन्या वखारी सोडून हमरस्त्यालगत शेतजमिनी बिनशेती करून घ्यावयाच्या व तेथे मोठाली गोदामे उठवावयाची, ही चाल आता सर्वत्र पडली आहे. पेठेतील वखार ज्या जमिनीवर उभी असे ती पिढ्यानपिढ्या पायांनी, गाड्यांनी व पोत्यांच्या भाराने तुडवून घट्ट झालेली असे. नव्या गोदामाची गोष्ट वेगळी आहे. ट्रकचा फाळका पाडला म्हणजे माल सरळ आत सरकवता यावा म्हणून त्याचे जोते सव्वा ते दीड मीटर उंच ठेवतात. भिंतीचा चौक उभा राहतो आणि मधली सारी पोकळी बाहेरून आणलेल्या मातीने भरून काढतात. पुढे तिच्यावर खडी, तिच्यावर काँक्रीट व त्यावर गुळगुळीत फरशी येते. मग आत काय आहे ते कोणास दिसत नाही.

असे एक गोदाम आम्ही पाहिले. त्याचे खांब व छप्पर जसेच्या तसे ताठ उभे होते. कारण खांबांचे पाये खाली कठीण मुरुमापर्यंत नेलेले होते. पण मधली जमीन ताटाप्रमाणे खोलगट झाली होती, फरशीस आडव्या-उभ्या भेगा पडल्या होत्या आणि पोत्यांच्या थप्प्या एकमेकींवर कलल्या होत्या. मालकाने सिमेंटची परीक्षा करविली होती, लोखंडाची करविली होती, काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहिले होते. मातीची परीक्षा मात्र कोणी केली नव्हती. माती ती माती, तिची परीक्षा कसली, असाच सर्वांचा समज होता. धान्याची पाच मीटर उंच थप्पी जमिनीच्या दर चौरस मीटरवर साडेतीन ते चार टन भार टाकते, हे लक्षात घेतले म्हणजे या समजाची किंमत कळून येईल.

घट्टपणा मोजावयाचा कसा

मातीच्या ढेकळात तीन वस्तू असतात : मातीचे कण, पाणी आणि हवा. भराव बसतो, खचतो, तो मुख्यत्वे आतील हवेची जागा आकुंचन पावल्यामुळे. म्हणून आपणांस हवे ते एवढेच की, ठराविक जागेत मातीचे कण जास्तीत जास्त मावावेत. ठराविक जागेतील कोरड्या मातीचे वजन म्हणजेच तिची शुष्क घनता. हा हिशेब व्यापाऱ्यास सहज समजेल. एका मापात किती माल बसला हे पाहावयाचे आणि त्यातील पाणी वजा करून निव्वळ मालच धरावयाचा, असा तो आहे.

माती चोपताना पाणी शिंपडावे हे आपल्या आजीसही ठाऊक होते. घराची जमीन करताना माती भिजवून चोपण्याने चोपीत, तलावाच्या बांधावर गुरे फिरवून ओली माती तुडवून घेत. परंतु पाणी नेमके किती, या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने देण्याचे श्रेय लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील अभियंता आर. आर. प्रॉक्टर यास आहे. मातीची धरणे बांधताना आलेल्या अनुभवावरून त्याने १९३३ साली 'इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड' या नियतकालिकात एक लेखमाला लिहिली. एकच माती निरनिराळ्या ओलाव्यास, पण सारखेच ठोके देऊन दाबली, तर एका विशिष्ट ओलाव्यास ती सर्वांत घट्ट होते. त्याहून कमी पाण्यासही नाही व जास्त पाण्यासही नाही, असे त्याने दाखवून दिले. त्या घट्टपणास कमाल शुष्क घनता व त्या ओलाव्यास इष्टतम ओलावा म्हणतात. आज जगभर ही परीक्षा त्याच्याच नावाने ओळखली जाते.

असे का व्हावे? कोरड्या मातीचे कण एकमेकांस घासतात व अडवून धरतात. थोडे पाणी घातले म्हणजे प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ लेप बसतो, मातीचे गोळे नरम होतात आणि ठोका बसताच कण सरकून एकमेकांच्या पोकळीत शिरतात. येथवर पाणी मित्राचे काम करते. पण पाणी आणखी वाढविले म्हणजे ते स्वतःच जागा अडवू लागते. हवा दाबाखाली बाहेर निघते. पाणी दाबून लहान होत नाही आणि चिकण मातीतून इतक्या घाईने निसटूनही जात नाही. मग रूळ फिरविला की जमीन नुसती पुढे-मागे डुलते. मिस्त्री म्हणतात, 'जमीन रबरासारखी झाली.' अशा जमिनीवर रूळ दिवसभर फिरविला तरी डिझेलाखेरीज काही खर्ची पडत नाही.

प्रयोगशाळेत काय करतात

भारतीय मानकात ही परीक्षा आय. एस. २७२० या मालिकेत दिलेली आहे. हलक्या दबाईची रीत तिच्या सातव्या भागात (१९८०) आणि जड दबाईची आठव्या भागात (१९८३) आहे. हलक्या रीतीत १००० घन सेंटिमीटरचा धातूचा साचा घेतात, त्यात माती तीन थरांत भरतात व २.६ किलो वजनाची धुम्मस ३१० मिलिमीटर उंचीवरून प्रत्येक थरावर २५ वेळा सोडतात. जड रीतीत धुम्मस ४.९ किलोची, उंची ४५० मिलिमीटर आणि थर पाच. जड रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी अवजड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी बसविली. कारण जुन्या मापाने घट्ट ठरलेली जमीन त्या भारास पुरेना.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले असले तरी चांगल्या मुरुमाचे असेच असतात. साच्यात ८ टक्के ओलाव्याची माती दाबली, तिची शुष्क घनता घन सेंटिमीटरला १.८३ ग्रॅम आली. १० टक्क्यांस १.९१, १२ टक्क्यांस १.९६, १४ टक्क्यांस १.९३ आणि १६ टक्क्यांस १.८६. हे बिंदू कागदावर मांडून जोडले की डोंगरासारखी वक्ररेषा होते. तिचा माथा १२ टक्क्यांपाशी आहे. म्हणजे या मुरुमाचा इष्टतम ओलावा १२ टक्के व कमाल शुष्क घनता १.९६.

येथे एका मौजेच्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १२ टक्क्यांच्या वेळी साच्यातील ओल्या मातीचे वजन सुमारे २,१९५ ग्रॅम भरते आणि १४ टक्क्यांच्या वेळी २,२०० ग्रॅम. तराजूकडेच पाहणारा म्हणेल की, १४ टक्क्यांची माती अधिक घट्ट आहे. परंतु वाढलेले वजन पाण्याचे आहे. निव्वळ माल दर साच्यामागे ३० ग्रॅमने घटलेला आहे. भिजवून वजन वाढविलेला कापूस ज्याने एकदा घेतला आहे त्यास हे पुनः समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

मुरूम व जांभ्याची माती यांच्या बाबतीत प्रयोगशाळेकडून एक सूट घेतली जाण्याचा संभव असतो. या मातीतील खडे ठोक्यांखाली फुटतात. तीच ती माती मोडून, पाणी वाढवून पुनःपुन्हा साच्यात भरली तर पाचव्या खेपेस ती पहिली माती राहतच नाही. म्हणून अशा मातीस दर खेपेस ताजा नमुना घ्यावयास हवा, आणि त्यासाठी आपण पाठविलेला नमुना पुरेसा हवा. मूठभर माती कागदात बांधून पाठविणारे मालक आम्ही पाहिले आहेत! निदान एक भरलेली गोणी, सुमारे चाळीस किलो, पाठवावी. चिकण मातीच्या बाबतीत दुसरी सूट वेळेची असते. तिच्यात पाणी मिसळल्यावर ती रात्रभर झाकून ठेवावी लागते, म्हणजे ओलावा गोळ्यांच्या गाभ्यापर्यंत जातो. सकाळी माती दिली व संध्याकाळी अहवाल हाती पडला, तर खूश होण्याऐवजी विचारपूस करावी.

टक्का कशाचा?

ओलावा मोजण्याची खरी रीत भट्टीची. मातीचा नमुना डबीत घालून वजन करावयाचा, १०५ ते ११० अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टीत बहुधा चोवीस तास ठेवावयाचा व पुनः वजन करावयाचे. घट आली ती पाण्याची. समजा, ६० ग्रॅम ओली माती वाळून ५० ग्रॅम झाली. पाणी १० ग्रॅम. ओलावा किती?

धान्याचा व्यापारी उत्तर देईल : ६० मध्ये १०, म्हणजे १६.७ टक्के. बाजारात धान्याचा ओलावा एकूण ओल्या वजनावर धरतात, तेव्हा त्याचे उत्तर त्याच्या परीने बरोबर आहे. परंतु मातीच्या शास्त्रात ओलावा कोरड्या मातीच्या वजनावर धरतात : ५० मागे १०, म्हणजे २० टक्के. दोन्ही उत्तरे एकाच डबीची. हा भेद ठाऊक नसल्यामुळे मालक व अभियंता यांच्यात विनाकारण वाद झालेले आहेत. मातीचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो, यात काही अद्भुत नाही. गाळाच्या मातीत कणांहून पाण्याचे वजन अधिक असते, एवढाच त्याचा अर्थ.

कामाच्या जागी चोवीस तास थांबणे शक्य नसते. तेथे कॅल्शियम कार्बाइडचे एक छोटे यंत्र वापरतात. ओल्या मातीशी कार्बाइडची पूड मिसळली की ॲसिटिलीन वायू होतो व त्याच्या दाबावरून ओलावा तबकडीवर वाचता येतो. पाच-दहा मिनिटांचे काम. मात्र ही तबकडी धान्याच्या व्यापाऱ्यासारखी, म्हणजे ओल्या वजनावर, टक्केवारी दाखविते. तबकडीवर २० आले म्हणजे मातीच्या हिशेबाने ते २५ होत. कारण १०० ग्रॅम ओल्या मातीत २० पाणी व ८० माती. हे रूपांतर न करता आकडा वहीत उतरविला तर शुष्क घनता खोटी फुगते. ओले वजन घन सेंटिमीटरला २ ग्रॅम असता २० टक्क्यांवर शुष्क घनता १.६७ येते, २५ वर ती १.६० असते. एवढ्या फरकाने नापास भराव पास होऊन जातो, आणि त्यात कोणी लबाडी केलेलीही नसते.

भरावावरील परीक्षा

प्रयोगशाळेतील आकडा ही नुसती कसोटी झाली; प्रत्यक्ष भराव तिच्यावर घासून पाहावयास हवा. त्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. मऊ, खडे नसलेल्या मातीत सुमारे एक हजार घन सेंटिमीटर मापाची पोलादी नळी ठोकून नमुना काढतात. मुरुमात नळी शिरत नाही. तेथे एक छोटा खड्डा खणून त्यातील सर्व माती जपून गोळा करतात, तिचे वजन करतात, आणि ज्याचे मापवजन आधी ठाऊक आहे अशी कोरडी, चाळलेली वाळू त्या खड्ड्यात सोडून त्याचे आकारमान काढतात. समजा, खड्ड्यातून २,९७० ग्रॅम माती निघाली, वाळू २,१७५ ग्रॅम गेली आणि त्या वाळूचे वजन घन सेंटिमीटरला १.४५ आहे. खड्डा १,५०० घन सेंटिमीटरचा ठरला. ओली घनता १.९८. ओलावा १० टक्के निघाला, तर शुष्क घनता १.८०. आपल्या मुरुमाची कमाल १.९६ होती, तेव्हा दबाई सुमारे ९२ टक्के झाली. करारात ९५ टक्के लिहिले असेल तर हा थर उखडून, पाणी मारून पुनः दाबावयास हवा.

यावर कंत्राटदार म्हणेल, तीन टक्क्यांसाठी एवढा आग्रह कशाला? हिशेब करून पाहू. हा भराव पुढे भाराखाली व पावसाळ्याच्या ओलीने आपोआप ९५ टक्क्यांपर्यंत जरी बसला, तरी दीड मीटर उंचीत तो सुमारे पाच सेंटिमीटर खाली जाईल. फरशी पाच सेंटिमीटर अधांतरी राहील व पहिल्या थप्पीबरोबर मोडेल. तीन टक्के म्हणतात ते हे.

परीक्षेची जागा कोणी निवडावी, हा प्रश्न आमच्या मते साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. कंत्राटदाराचा माणूस प्रयोगशाळेच्या माणसास गोदामाच्या मध्यभागी नेतो. तेथे रूळ मनसोक्त फिरलेला असतो; तेथे परीक्षा उतरणारच. परंतु जोत्याच्या भिंतीस लागून दीड-दोन हातांची पट्टी, चारही कोपरे आणि खांबांच्या पायांभोवतालचे पुनः भरलेले खड्डे येथे रूळ पोहोचत नाही. फरशीच्या भेगांची सुरुवात बहुतेक तेथूनच होते. म्हणून मालकाने स्वतः बोट दाखवून दर थरावर निदान एक खड्डा भिंतीलगत व एक खांबाशेजारी घ्यावयास लावावा. या जागी लहान यंत्राने किंवा हाताच्या धुम्मसने दहा-पंधरा सेंटिमीटरचेच थर दाबावे लागतात. आठ-दहा टनी रुळाखाली मोकळ्या मातीचा थर वीस ते पंचवीस सेंटिमीटर चालतो. चाळीस-पन्नास सेंटिमीटरचा थर टाकून वरून रूळ फिरविला तर वरचा भाग फरशीसारखा टणक होतो व खालचा भुसभुशीतच राहतो. वर काठी आपटून 'पाहा, कशी वाजते' असे सांगणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये.

पाणी किती लागेल याचाही अदमास मालकास असावा. मुरूम ५ टक्के ओलाव्याने आला व त्यास १२ टक्क्यांवर न्यावयाचे, तर ७ टक्के कमी पडतात. मोकळ्या मुरुमाच्या एका घनमीटरात सुमारे दीड टन कोरडी माती धरली तर घनमीटरमागे सुमारे १०५ लिटर पाणी लागेल. म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस घनमीटरांस पुरतो. वैशाखाच्या उन्हात त्याहून कमीस. दोनशे घनमीटर भरावास एकच टँकर आलेला दिसला, तर प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वीच कामाची प्रत कळली म्हणावयाची.

भरावात पाणी सोडून तो 'बसू देण्याची' रीत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. जोत्याचा चौक हौदासारखा पाण्याने भरावयाचा व आठवडाभर तसाच ठेवावयाचा. शुद्ध वाळूच्या भरावास ही रीत बऱ्यापैकी लागू पडते. चिकणमातीयुक्त भरावास ती घातक आहे; कारण त्याने माती इष्टतम ओलाव्याच्या पुष्कळ पुढे जाते व मग तिच्यावर रूळही चालत नाही. भरावास एक पावसाळा खाऊ द्यावा हा वडीलधाऱ्यांचा सल्ला याहून शहाणपणाचा होता, यात शंका नाही. तरी दीड मीटरच्या ढेकळी भरावाची सारी पोकळी एका पावसाळ्याने भरून निघत नाही.

काळ्या जमिनीचा अपवाद

बेळगावचे सभासद या बाबतीत दोन जगांच्या सीमेवर राहतात. पश्चिमेस तांबडी माती व जांभा. पूर्वेस सौंदत्ती, बैलहोंगल, अथणीकडे काळी कसदार जमीन. इंदूरच्या माळव्यातील बंधूंस काळ्या जमिनीचा परिचय आहेच. शेतास जी वरदान तीच इमारतीस शाप ठरते. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते; ते पाणी पिऊन फुगते व वाळून आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्या याच्याच.

अशा मातीस 'जितके दाबाल तितके चांगले' हा नियम लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. काळी माती कोरडी असता जोराने दाबून अतिशय घट्ट केली, तर पुढे पाणी मिळताच ती अधिक जोराने फुगते व वरची फरशी उचलून फोडते. म्हणून प्रथम ती किती फुगते हे पाहावे. ती परीक्षा इतकी सोपी आहे की घरातील शाळकरी मुलांसही पाहण्यात मौज वाटेल. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन काचेच्या मापनळ्यांत घालतात. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल ओततात व चोवीस तास ठेवतात. रॉकेलने माती फुगत नाही, पाण्याने फुगते. रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटर व पाण्यात १७ मिलिलिटर भरली तर फुगीचा निर्देशांक ७० टक्के झाला. रस्त्याच्या कामाच्या सरकारी विनिर्देशात ५० टक्क्यांहून अधिक फुगणारी माती भरावास वर्ज्य ठरविली आहे. गोदामाच्या मालकाने तोच दंडक पाळावा असे आम्हांस वाटते.

मग काळ्या जमिनीवर बांधूच नये काय? तसे नाही. मुंबईच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या मातीचा दीर्घ अभ्यास केला. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर काळ्या मातीवर दाबून बसविला तर खालची फूग आटोक्यात राहते, असे त्यांनी दाखविले, व मलप्रभेच्या कालव्यांच्या कामी ही रीत वापरली गेली. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथील धरणाचे पाणी नेणारे हे कालवे आपल्याच जिल्ह्यातून निघतात, तेव्हा त्यांची कथा आपणांस परकी वाटू नये. चिकट मुरूम या कामी चांगला. नुसती वाळू पसरणे मात्र आम्हांस पसंत नाही. वाळूतून पाणी सुखाने खाली उतरते व काळ्या मातीस जे द्यावयाचे नाही तेच तिला मिळते.

अहवाल वाचताना

दोन-तीन गोष्टी रोजकीर्द तपासणाऱ्या नजरेने पाहाव्यात. पहिली, ९५ टक्के म्हणजे कोणत्या दबाईचे? हलक्या की जड? दशमान वजने येण्यापूर्वी, म्हणजे १९५८ पूर्वी, कच्चा शेर व पक्का शेर असा भेद असे आणि सौदा करताना कोणता शेर ते आधी बोलावे लागे. येथेही तसेच आहे. जड दबाईची कमाल घनता हलकीहून अधिक येते. म्हणून एकच भराव एका मापाने पास व दुसऱ्याने नापास ठरू शकतो. करारात नुसते '९५ टक्के दबाई' असे मोघम लिहू नये. मानकाचा भाग व साल लिहावे. भारी थप्प्या व माल उचलणारी यंत्रे जेथे फिरावयाची तेथे जड दबाईचेच माप घालावे.

दुसरी, सारे आकडे एकाच सुरात आहेत काय? दहा खड्ड्यांचे निकाल ९७.१, ९७.२, ९७.१ असे आले तर ते मातीतून निघाले नसून लेखणीतून निघाले असण्याचा संभव अधिक. खरी माती एवढी आज्ञाधारक नसते. दोन निरनिराळ्या खाणींतून मुरूम आणला असता दोहोंची कमाल घनता तीच दाखविली असेल तरी शंका घ्यावी.

तिसरी परीक्षा गणिताची आहे, ती कोणासही करता येते. मातीच्या कणांची सापेक्ष घनता बहुधा २.७ च्या जवळपास असते. दिलेल्या ओलाव्यास मातीत हवा अजिबात उरली नाही असे धरले तरी शुष्क घनतेस एक मर्यादा येते : २.७ ला, १ अधिक २.७ गुणिले ओलावा, या संख्येने भागावयाचे. २० टक्के ओलाव्यास २.७ भागिले १.५४, म्हणजे १.७५. याच्या वर कोणतीही दबाई जाऊ शकत नाही. २० टक्के ओलावा व १.८२ घनता अशी जोडी अहवालात आढळली, तर तो अहवाल परत पाठवून मूळ वजनांची नोंदवही मागावी. कणांची घनता थोडी अधिक, समजा २.८ धरली, तरी मर्यादा १.७९ च्या वर जात नाही.

धर्मशाळा, विद्यार्थी-वसतिगृहे व मंदिरांची सभागृहे यांच्या बांधकामास आपले सभासद देणग्या देतात व समित्यांवर बसतात. तेथे पैसा दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेला असतो, म्हणून मातीच्या परीक्षेचा आग्रह तेथे आपल्या गोदामाहूनही अधिक धरावयास हवा. या परीक्षेचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अगदी किरकोळ असतो, तरी अंदाजपत्रकात त्याचे वेगळे कलम घालून ठेवावे. कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने परीक्षा करावी असे लिहिले म्हणजे प्रयोगशाळा त्याची होते. मालकाने पैसे भरले म्हणजे ती मालकाची राहते.

नमुना पाठविताना गोणीच्या आत व बाहेर अशी दोन्हीकडे चिठ्ठी असावी; तीवर जागा, खोली, तारीख व खाणीचे नाव लिहावे. जमिनीचा मूळचा ओलावाही पाहावयाचा असेल तर थोडी माती वेगळी काढून घट्ट झाकणाच्या डब्यात लगेच बंद करावी. गोणीतील माती ट्रकमध्येच वाळते. दर थराचे निकाल, खड्डे कोठे घेतले त्याचा साधा नकाशा व प्रयोगशाळेचा सही-शिक्क्याचा अहवाल हे सर्व खरेदीखत व बांधकाम परवानगी यांच्याच फायलीत ठेवावे. पुढे दहा वर्षांनी लोखंडी मांडण्या बसवून थप्पी दुप्पट उंच करावयाची वेळ येईल, तेव्हा येणारा अभियंता प्रथम हेच कागद मागेल.